पटावरची रुचिता

बाबूलाल सेठ पेढ्यांचा डबा घेऊन वर्गात शिरला तेव्हा मी तिसरीला भागाकार शिकवत होते. "मॅडम, आपल्या शायेचं नाव झालं! रुचिता नवोदयले लागली," असं म्हणत त्याने पहिला पेढा माझ्याच हातात ठेवला. आपल्या शाळेचं म्हणे! मुलं रांगेत येऊन पेढे घेऊन गेली. दुसरीतला धनीराम गालात पेढा दाबून म्हणाला, "मॅडम, रुचिता कोन हाये?"

अठरा मुलांच्या त्या शाळेत हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण रुचिता आमच्या शाळेत एक दिवसही बसली नव्हती. पटावर मात्र ती तीन वर्षं होती. तिसरी, चौथी, पाचवी. तिची रोजची हजेरी मी भरली होती, माझ्या हाताने, माझ्या पेनाने. तेव्हा आधीच सांगून टाकते, की ही गोष्ट फक्त दुसऱ्यांच्या पापाची आहे असं समजून वाचू नका.

रुचिता राहते तुमसरला. बाप हाच बाबूलाल सेठ, धान्याचा व्यापारी, घरासमोर दोन गाड्या. बसायची तुमसरच्या एका इंग्रजी शाळेत, संध्याकाळी नवोदयच्या शिकवणीला. पण नवोदयात बहुतेक जागा खेड्यातल्या मुलांसाठी असतात, आणि त्या जागेवर हक्क सांगायचा तर तिसरी ते पाचवी खेड्यातल्या शाळेत शिकलेलं असावं लागतं. मग सेठने काय केलं? पोरगी तुमसरला ठेवली आणि तिचं नाव तेवढं आमच्या टोल्यावर पाठवून दिलं.

आमचा टोला म्हणजे सिहोऱ्यापासून सहा किलोमीटर, तलावाच्या पाळीखालची चाळीस-पन्नास घरं. शाळेत शिक्षक दोन. मुख्याध्यापक वासुदेवराव सर आणि मी. तीन वर्षांपूर्वी पट विसाच्या खाली गेला आणि शाळा बंद करून मुलं सिहोऱ्याला पाठवायची बोलणी सुरू झाली. तेव्हा माजी सरपंच मारोतराव तुमसरहून पाच नावं घेऊन आले. पाचही त्यांच्या नात्या-ओळखीतली, त्यातलीच एक रुचिता; पाचांचाही पत्ता मारोतरावांचं घर. शाळा वाचली. गावाने सरांना हार घातला, मीही टाळ्या वाजवल्या. पुढे तपासणी आली की हे पाच जण हटकून आजारी पडायचे. तुमसरच्या पोरांना ताप मात्र आमच्या टोल्याचा यायचा. आम्ही दोघं साळसूद चेहऱ्याने साहेबांना ते सांगायचो.

पेढे वाटून झाल्यावर सेठने पिशवीतून कागद काढला. रुचिता तिसरी ते पाचवी याच शाळेत नियमित शिकली, असा दाखला. खाली मुख्याध्यापकाची सही आणि शिक्का. सर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेले होते, चार्ज माझ्याकडे होता.

"शिक्का कपाटात आहे अन् चावी घरी राह्यली," मी म्हणाले. चावी माझ्या पर्समध्ये होती. खोटं बोलायची सवय होतीच, ती पहिल्यांदा जरा बऱ्या कामाला आली.

"काही हरकत नाही. सोमवारी येतो," म्हणत सेठ हसत निघून गेला.

त्याची गाडी वळली आणि मी फोनवर पुन्हा नवोदयच्या निकालाची यादी उघडली. प्रतीक्षा यादीत मुलींमध्ये पहिलं नाव होतं दामिनीचं. आमची दामिनी. शाळेची खिचडी शिजवणाऱ्या कुंताबाईंची मुलगी, धनीरामची मोठी बहीण, पाचवीत खरोखर बसणारी एकुलती एक पोर. वर्षभर शाळा सुटल्यावर ती माझ्यासमोर बसून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवत होती. शिकवणी नाही, काही नाही. पुस्तकंसुद्धा दुसऱ्यांची, पेन्सिलने केलेल्या खुणा खोडून वापरलेली. यादी लागली त्या दिवशी तिने विचारलं, "मी नापास झाली ना मॅडम?" आणि मी तिला म्हणाले होते, नशीब असतं बेटा. नशीब! ते नशीब मी रोज सकाळी साडेदहाला हजेरीपटावर लिहीत होते आणि मला लाज वाटत नव्हती.

रागाच्या भरात मी कपाट उघडलं. चौथीच्या वार्षिक परीक्षेचा गठ्ठा वर काढला. त्यात दोनच मुलींचे पेपर. दामिनीचा आणि रुचिताचा. दोन्हींवर अक्षर एकच. तोच गोल 'श', तीच वेलांटीची लांब शेपटी. हे पेपर मीच तपासले होते. म्हणजे मला तेव्हाही दिसलं होतं. मी तोंडात मिठाची गुळणी धरून लाल पेनाने खुणा केल्या होत्या.

दामिनीला हाक मारली. ती फळा पुसत होती.

"हा पेपर कोणी लिवला?"

"मीच," ती सहज म्हणाली. "सरांनी सांगतलं होतं. एक तुहा लिही अन् एक रुचिताचा लिही म्हने."

"मंग तिले तुझ्यापरीस चार मार्क जास्त कसे?"

ती थोडी लाजली. "तिचा जरा चांगला लिवला मॅडम. आपला बिघडला त चालते. दुसऱ्याचं काम होतं ना."

तळपायाची आग मस्तकात गेली. दहा वर्षांची पोर दुसऱ्याचं काम नीट करायचं म्हणून स्वतःपेक्षा चांगलं लिहिते, आणि आम्ही दोन पगारी माणसं तिच्याकडून ते लिहून घेतो! मी तिला घरी पाठवलं आणि सरांना फोन लावून दाखल्याचं सांगितलं.

"रिता मॅडम, सही करून टाका," सर शांतपणे म्हणाले. "दामिनी हुशार आहे, ती कुठंही शिकेल. पण तक्रार झाली की पाचही नावं उडतील, शाळा जाईल. बाकीच्यांचं काय?"

"सर, तुम्ही तिच्याकडून पेपर लिहून घेतले."

सर म्हणाले, "अक्षर चांगलं होतं तिचं."

मी फोन कापला. हा माणूस वाईट नाही हो. घरोघर फिरून, हात जोडून त्याने मुलं शाळेत आणली, स्वतः चुना आणून भिंती रंगवल्या. तरी त्या दिवशी तो समोर असता तर मी त्याच्या डोळ्यावरच्या पट्टीचीही गय केली नसती.

शनिवारी मारोतराव आले. सरांकडून बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. खुर्चीत बसले, दुपट्टा मांडीवर घेतला आणि सरळ विषयाला हात घातला.

"मॅडम, एका पोरीसाठी सतरा पोट्टे रस्त्यावर आनता का? सिहोऱ्याचा रस्ता पाह्यला ना तुमी? रेतीचे टिप्पर कसे येऊन राह्यले? पह्यलीतलं लेकरू कसं जाईन? पोट्टे जातीन एखादवेळी. पोरी नाई जात. रोवण्यावर जातीन मायसंगं, घरी लेकरं सांभाळतीन. ते पाप कोनाच्या डोक्यावर?"

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, आणि म्हणूनच माझा संताप आणखी वाढला. रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली की वर्गातल्या मोठ्या मुली कशा गळतात ते मी दर वर्षी पाहते. शाळा गावात असून ही गत, सहा किलोमीटरवर गेली तर काय होईल ते मला सांगायला माजी सरपंच कशाला हवा होता?

"मारोतराव," मी म्हणाले, "शाळेची एवढी काळजी आहे, त मंग तुमचा नातू काहून तुमसरच्या शाळेत जाऊन राह्यला? या टोल्यावरचे सहा पोट्टे रोज पिवळ्या गाडीत बसून जातात. ते सहा इथं असते त पट कायले पडला असता? कायले लागले असते तुमाले खोटे नावं?"

ते उठले. दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला. "तुमची सही आहे रजिस्टरवर. जरा इचार करा," एवढं म्हणून गेले.

विचार मी करतच होते. विचाराने डोकं फुटायची वेळ आली होती. शेवटी मी खिचडीच्या शेडमध्ये गेले. कुंताबाई गंज, खिचडीचं ते मोठं पातेलं, राखेने घासत होत्या. मी सगळं सांगितलं. हजेरीचं, पेपरचं, प्रतीक्षा यादीचं. रुचिताचा दाखला अडवला तर जागा दामिनीला मिळेल, पण शाळा बहुतेक जाईल, हेही सांगितलं.

त्यांचा हात थांबला. "तुमाले माहीत होतं?"

"हो."

"तीन सालापासून?"

"हो."

"शाया वाचवाले गावात दुसरं काई नाई भेटलं तुमाले? माहीच पोरगी भेटली?"

मी म्हणाले, "धनीराम दुसरीत आहे कुंताबाई. शाळा गेली तर त्यालाही... म्हणून म्हटलं तुमाले विचारावं."

त्यांनी राखेने माखलेला हात उगारला. वाटलं, मारतात की काय. मारायला हवं होतं.

"मले कायले विचारता?" त्या ओरडल्या. "एक लेकरू उचल अन् एक ठेव, असं मायले विचारतेत का? मास्तरीन तुमी. सही तुमची. खोटं लिवलं तवा आल्या होत्या का मले विचाराले? आता काहून आल्या?"

गंज आदळून त्या आत गेल्या. मी तिथेच उभी राहिले. त्या म्हणाल्या ते खरं होतं. मी त्यांच्याकडे सल्ला मागायला गेलेच नव्हते. उद्या काही बिघडलं तर तुम्हीच हो म्हणाला होता, असं म्हणायची सोय करायला गेले होते. इतकी भित्री आहे मी, आणि वर रागही माझाच मोठा.

सोमवारी सेठ आला. मी सही करणार नाही म्हटल्यावर आधी हसला, मग हसू गेलं. "मॅडम, बुडाल त पह्यले तुमीच बुडाल. हजेरी कोनी भरली?"

"मी भरली," मी म्हणाले, आणि त्याच्यासमोरच कागद ओढून लिहायला बसले. शनिवारपासून मी त्या तक्रारीची सुरुवात शोधत होते. सेठचं नाव आधी लिहावं की मारोतरावांचं, सरांचं वगळता येईल का. आता पेन अडलं नाही. पहिली ओळ अशी होती: मी, सहशिक्षिका रिता, हिने तीन वर्षे पाच विद्यार्थ्यांची खोटी हजेरी भरली. ही ओळ नसती तर खालच्या एकाही ओळीला आधार नव्हता. रुचिता शाळेत नव्हती याचा पुरावा माझं खोटंच होतं.

तालुक्याच्या कचेरीत साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "मॅडम, यात तुम्हीच आधी अडकता."

"मग आधी मलाच अडकवा. पण नवोदयला दाखला द्यायची तारीख जायच्या आत."

तारीख जायच्या आत झालं. चौकशी आली, कपाटातले पेपर गेले, टोल्यावर घरोघर जबाब झाले. रुचिताची निवड रद्द झाली आणि दामिनीला पत्र आलं. सर निलंबित, मी निलंबित. पटावरून पाच नावं गेली, पाचवी होऊन दामिनी गेली, पहिलीत नवीन कोणी नव्हतं. उरली सतरा. जूनमध्ये आदेश आला, शाळा सिहोऱ्याच्या शाळेत विलीन. सेठचं काय बिघडलं? रुचिता नागपूरला मोठ्या शाळेत गेली, वसतिगृहात. मारोतरावांचा नातू पिवळ्या गाडीतून तुमसरला जातोच आहे. आणि गावाने राग काढला कुणावर? कुंताबाईंवर. पोरीपायी शाळा खाल्ली म्हणतात. यंदा रोवण्याला त्यांना कोणी हाक दिली नाही. मी हे ऐकलं त्या दिवशी टोल्यावर जाऊन चार घरांसमोर भांडून आले. काही उपयोग झाला नाही, माझा घसा तेवढा बसला.

दामिनी निघाली त्या सकाळी मी फाट्यावर गेले. पत्र्याची पेटी, नवीन चपला. कुंताबाईंनी मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. धनीराम पेटीवर बसून पाय हलवत होता. गावातलं दुसरं कोणी आलं नव्हतं.

दामिनी माझ्याजवळ आली. पाया वगैरे पडली नाही. पेपरचं सांगताना लाजलेली ती पोर कुठे गेली होती कोण जाणे. तिने माझ्याकडे सरळ बघितलं.

"मॅडम, धनीराम आता शायेत कसा जाईन?"

मला वाटलं, निदान या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. निलंबित बाईला वेळच वेळ असतो.

"मी नेईन त्याला," मी घाईने म्हणाले. "माझ्या गाडीवर. रोज नेईन, रोज आणीन."

"अन् बाकीचे सोळा?" तिने विचारलं.