होकार भिंगरीचा

मरून कापड आण म्हटलं, तर नात हिरवं घेऊन आली. परत पाठवलं, तर तपकिरी. आमच्या बाइंडरीत पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर चढवायच्या कापडाचे तागे भिंतीशी उभे असतात आणि ही पोर चालायला लागल्यापासून त्यांच्यातच गिरक्या घेत वाढली; तिला भिंगरी म्हणतात ते उगाच नाही. मी डाफरले, चेष्टा करतेस का माझी? ती म्हणाली, "आजी, सगळी एकाच रंगाची झालीत की."

सहाव्या वर्षापासून हिला साखरेचा आजार, रोज सुया. आता अकरावं चालू होतं. एका लेकराला एवढं पुरे, असं मी देवाला बजावून ठेवलं होतं. पण त्याला कुठे ऐकायची सवय?

डोळ्यांच्या डॉक्टरनं आम्हाला दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे धाडलं, रक्त तपासून आजाराचं मूळ शोधणाऱ्या. माझ्या सुनेच्या वयाच्या, पण बोलणं सरळ. मुलगा आणि सून माना खाली घालून बसले, तेव्हा मीच म्हटलं, बाई, मी तिसरी शिकलेली, मला कळेल असं सांगा, म्हणजे यांनाही कळेल.

त्यांनी सांगितलं ते असं. शरीरातल्या पेशीत एक खोली असते. तिथे प्रथिनांचे लांब धागे येतात आणि त्यांना नीट घड्या पडल्या तरच ते कामाचे. घड्या चुकल्या की माल साचतो. मग पेशी धोक्याची घंटा वाजवते: नवा माल थांबवा, घड्या घालणारे वाढवा, बिघडलेलं मोडीत काढा. घंटा वाईट नाही, ती तुमच्याआमच्यातही वाजते आणि तिच्या जिवावर आपण धडधाकट राहतो. पण ती थांबलीच नाही, तर पेशी शेवटी स्वतःला संपवते. भिंगरीच्या अंगात ही घंटा आवरणारं जनुकच बिघडलेलं. आधी साखर सांभाळणाऱ्या पेशी गेल्या. आता डोळ्यांमागची नस.

"पुस्तकाच्या छापील कागदांचे फर्मे चुकीच्या घडीचे होऊन टेबलावर साचले की मीही मशीन थांबवते," मी म्हटलं. "पण म्हणून बाइंडरी पेटवून देत नाही."

बाई हसल्या नाहीत. "पेशी देते," म्हणाल्या.

घरी पोचतो तोच विहीणबाईंचा फोन. त्यांच्याकडे म्हणे सात पिढ्यांत असलं काही नव्हतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मी ऐकवलं, जनुकाची एक बिघडलेली प्रत तुमच्या लेकीकडून आली, एक माझ्या लेकाकडून. तेव्हा दोघी सारख्याच. त्यांनी फोन ठेवला.

एक औषध होतं, अजून चाचणीतलं. घंटेचा जोर कमी करेल, नाहीतर नाही करणार. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली कदाचित टिकेल. पण नियम असा, की एवढ्या वयाच्या मुलीला सगळं खरं सांगायचं आणि तिनं स्वतः हो म्हणायचं. नुसती आईबापांची सही चालत नाही.

सांगणार कोण? मुलाला अचानक कटिंग मशीनला तेल घालायची निकड लागली. त्या आठवड्यात मशीन एवढं गुळगुळीत चाललं की विचारू नका. सून तोंड उघडायची आणि डोळे गळायला लागायचे. तिला वाटत होतं, डोळ्यांचं टॉनिक आहे एवढंच सांगावं. मी म्हटलं, फसवून घेतलेला होकार म्हणजे चोरीच. त्यावर ती, जी कधी उलटून बोलत नाही ती म्हणाली, "नात तुमची आहे, पण लेक माझी आहे." मग डोळे पुसून तीच म्हणाली, "मला जमणार नाही. तुम्ही सांगा, आई. पण रागावून सांगू नका."

दुपारी कामावरच्या बायका जेवायला गेल्या तेव्हा मी भिंगरीला कागदाच्या गठ्ठ्यावर बसवलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं.

"पूर्ण अंधार?"

"बहुतेक. हळूहळू."

"औषधानं थांबेल?"

"कुणालाच ठाऊक नाही."

"तुला तर सगळं ठाऊक असतं."

"ते बाइंडरीतलं."

तिनं विचारलं, घंटा आत्ताही वाजतेय का. मी हो म्हटलं. तिनं तळवा डोळ्यावर दाबून धरला, श्वास रोखला. मग म्हणाली, मला ऐकू येत नाही. आणि उठून आईकडे गेली, एवढी घोडी झालेली पोर, तिच्या मांडीत शिरून बसली.

ठरलेल्या दिवशी बाईंच्या दाराशी ती वळली. "आई चालेल. आजी, तू बाहेर बस. तू असलीस की माझ्या तोंडून तुझंच उत्तर येतं."

माझ्या बाइंडरीत मला कधी कुणी 'बाहेर बस' म्हटलेलं नाही, आणि इथे बाकावर बसले. मला होकारच हवा होता हे साऱ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच तर मला बाहेर ठेवलं. आतून आवाज येत नव्हता. एकदा उठून कडीला हात लावला, आणि काढून घेतला.

दार उघडलं. सुनेचा चेहरा सुजलेला, पोरीचा कोरडा. भिंगरी माझ्यापुढे येऊन उभी राहिली, डोळे बारीक करून.

"हो म्हटलंय. पण वाटलं तर कधीही नाही म्हणायची मुभा आहे, बाईंनी सांगितलंय. तेव्हा तू मध्ये पडायचं नाहीस."

"पडणार नाही," मी म्हटलं.