हॅलवर्ड सरांचा पडदा

मुलांनो, डोळे मिटा आणि शुगर लँडमधल्या एका शाळेचा हॉल डोळ्यांसमोर आणा. बाहेर टेक्सासचं घामट ऊन, आत एसीचा गारठा. मधोमध दोरीवर निळी चादर टांगलेली. तिच्याआड कुणीतरी व्हायोलिन वाजवतंय. कोण, ते दिसत नाही. नुसतं ऐकायचं.

ही चादर हॅलवर्ड सरांची. इंग्लंडमध्ये ते मोठे कंडक्टर होते. हातातल्या काडीच्या इशाऱ्यावर अख्खा वाद्यवृंद चालवायचे. वादक निवडताना पडदा लावायचाच, असा त्यांनी हट्ट धरला. वशिल्याची माणसं चिडली आणि सरांची नोकरी गेली. पडदा मात्र गेला नाही. अमेरिकेत येऊन सरांनी मुलांचा ऑर्केस्ट्रा उभा केला, तोही त्याच पडद्याआडून मुलं निवडून.

व्हायोलिन वाजवणारी सावनी निवडीला पहिल्यांदा आली ती बूट दाराशी काढून. घरी वाद्याला हात लावायचा तर पायात काही घालायचं नाही, अशी सवय. मुलं हसली. सर खूश झाले. पडद्याआडून बुटांच्या आवाजावरूनही माणूस ओळखू येतो, म्हणाले, आणि त्या दिवसापासून सगळ्यांचे बूट दाराबाहेर गेले.

२००६ च्या हिवाळ्यात सर वारले. नव्या कंडक्टर मिसेस कॉर्बेट यांनी चादर घडी करून कपाटात टाकली आणि मुलांना बूट घालूनच आत यायला लावलं. व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीसाठी, म्हणजे मुख्य वादकाच्या जागेसाठी, निवड होती. सावनीचा तर त्या खुर्चीवर जीव होता.

"पडदा कशाला?" बाई लाडाने म्हणाल्या. "खुर्ची तुझीच आहे."

"न ऐकताच?" सावनीने विचारलं.

सोबत आलेल्या आईने, पद्मजाने, तिला बाजूला घेतलं. आयती मिळतेय तर घे ना, उगाच सीन करू नकोस, असं समजावून पाहिलं.

"आई, मिस्टर हॅलवर्डनी यासाठी जॉब घालवला. माझी तर नुसती चेअर आहे."

बाईंचा चेहरा ताठ झाला. पडदा लागणार नाही, पटत नसेल तर घरी जा, त्यांनी बजावलं.

सावनी दाराकडे गेली. बाईंना वाटलं, निघाली. तिने बूट काढून नीट बाहेर ठेवले, परत आली आणि कपाटातली चादर दोरीवर टाकली. मग एकेक करत त्याच खुर्चीसाठी आलेले नील, चारुता, सगळेच अनवाणी पडद्याआड शिरले.

सावनीने आपलं व्हायोलिन खाली ठेवलं आणि नीलला खुणावलं: आधी तू.