पोचम्माची वाट

मल्लव्वाच्या डोक्यावर बोनमचं मडकं होतं. आत देवीचा दहीभात, वर पेटता दिवा. आणि समोर कॉलनीचं बंद फाटक! आत शिरून पलीकडच्या दारानं निघालं की पोचम्माचं देऊळ हाकेवर. तिच्या आजेसासूपासून बायका याच वाटेनं नाचत जायच्या.

आता हैदराबाद फुगत फुगत गावाच्या उरावर येऊन बसलं होतं. एका बिल्डरनं कॉलनी बांधली, दुसऱ्यानं तिच्या पाठीला पाठ लावून दुसरी. आतले रस्ते गुळगुळीत, पण मेले सगळे जाऊन भिंतीला थडकणारे; भिंतीत देवळाकडचं एकच दार, त्यालाही कायम कुलूप. गावानं जायचं कुठून? हमरस्त्यानं, लांबचा वळसा घालून! गेल्या आषाढात तिची जाऊ राजव्वा तशीच गेली. डोक्यावर बोनम, मान वळवता येईना. मागून ट्रकनं उडवलं.

"अव्वा, पाहुणी कुणाची? फोन करून विचारतो," वॉचमन म्हणाला.

"पोचम्माची. लाव तिला फोन!"

"हमरस्त्यानं जा ना, सगळ्या जातात."

"राजव्वा गेली की!"

"अत्तम्मा, नको वाद," सून स्वरूपा कळवळून म्हणाली. "जाऊ वळसा घालून." तिच्याही डोक्यावर बोनम होतं. मल्लव्वाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिलाही ट्रकांच्या तोंडी द्यायचं?

तिनं मडकं उतरवलं आणि फाटकाच्या ऐन तोंडाशी ठेवलं.

"अगं बाई, हे काय केलंस!" मागून बोनम घेऊन आलेल्या बायका ओरडल्या. बोनम उतरायचं ते देवीपुढंच.

"मग आता देवी इथंच. ठेवा गं सगळ्यांनी!"

एकेक करत सगळी मडकी फाटकापुढं उतरली. आत गाड्यांची रांग लागली, हॉर्नवर हॉर्न. कॉलनीचा सेक्रेटरी तणतणत उतरला. "ए, उचल हे!"

"तू उचल बाबा. नेऊन ठेव देवळात."

तो वाकलाही. तेवढ्यात गाडीतून त्याची आई कडाडली, "नरेंदर! हात लावशील तर बघ!"

त्यानं हात मागं घेतला. फाटक उघडायला लावलं, आणि मडकी पुन्हा डोक्यावर घेतलेल्या बायका नि आई मागोमाग येताच पलीकडच्या दाराचं कुलूप काढलं. "फक्त आजच्या दिवस हं," तो पुटपुटला.

"बरं. कुलूप दे इकडं, किल्लीसकट." सेक्रेटरीनं आईकडं पाहिलं आणि दिलं.

देवळात मल्लव्वानं आधी बोनम ठेवलं. मग ते कुलूप हळदकुंकू लावून पोचम्माच्या पायाशी ठेवलं.

"सांभाळ गं आई," ती म्हणाली. "ज्याला हवं, त्यानं तुझ्या पायावरून उचलून न्यावं."