सरांचा उजवा हात

अंगाने रबराचा, हातापायांत वाळू भरलेला असा मी एक जुना पुतळा आहे, मित्रांनो. दुकानाच्या काचेत नवे कपडे घालून उभा असतो, तो मी नव्हे. मी जन्मभर आजारी पडून आहे आणि तेच माझं काम आहे. इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर शिकवणीची एक खोली आहे. तिथे खिडकीजवळच्या खाटेवर मी असतो. सगळे मला ‘पाहुणे’ म्हणतात, कारण मी नुसता लोळतो आणि बाकीचे माझी उठबस करतात.

ज्या कारखान्यात मी घडलो, तिथल्या कारागिराने माझ्या हातात तीनदा वाळू भरली आणि तीनदा काढली. शेवटी शेजाऱ्याला म्हणाला, “आता उचलून बघ. माझ्या वडिलांचा हात असाच लागायचा.” त्याच्या वडिलांना काय झालं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. पण प्रश्न मनात राहून गेला.

उत्तर या खोलीत मिळालं. मेंदूला रक्त नेणारी नळी तुंबली किंवा फुटली, की माणसाचा हात, पाय किंवा बोलणं अचानक जातं. कुणी त्याला लकवा म्हणतं, कुणी पक्षाघात, इथले लोक स्ट्रोक म्हणतात. अशा रुग्णाला कसं सांभाळायचं, हे शिकायला इथे दरवर्षी नर्स येतात, तंत्रज्ञ येतात, रुग्णवाहिकेवरची माणसं येतात. मला कुशीवर कसं वळवायचं, दुबळ्या हाताला धरून का ओढायचं नाही, हे सगळं माझ्यावर करून बघतात. परीक्षा देऊन, केस पिकेपर्यंत नोकरी केलेली ही माणसं पुन्हा बाकावर का बसतात, याचं मला फार नवल वाटायचं.

मोठ्या सिस्टरांनाही तेच वाटायचं. अख्खा वॉर्ड त्यांना वचकून असे. एकदा त्या म्हणाल्याच, “सर, अठ्ठावीस वर्षं हेच करतेय. आता नवीन काय शिकणार?”

सर म्हणजे मेंदूविकारांचे डॉक्टर. अंगाने काटकुळे, खिशाला कायम खडूची पूड. ते हसले. “सिस्टर, अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी जे शिकलो, त्यातलं निम्मं आता शिळं झालंय. कुठलं निम्मं, ते बघायला मी येतो. तुम्हीही या.”

मध्यंतरी मला दोन वर्षं अडगळीत काढावी लागली. माझ्या जागी विजेवर चालणारा, श्वास घेणारा, कण्हणारा पुतळा आला होता. अडगळीत मोडक्या खुर्च्यांच्या संगतीत मी पडून राहिलो. वाईट वाटायचंच, पण त्याहून जास्त वाटायचं, की खोलीत आता काय चाललं असेल? एके दिवशी दार उघडून सर आत आले. “त्या नव्याचा हात पिसासारखा हलका आहे,” ते म्हणाले. “पाहुण्यांना घेऊन चला.” माझ्यावरची धूळ मावशींनी पुसली.

मावशी म्हणजे खोलीची सफाई करणाऱ्या. फरशी पुसून झाली तरी त्या दाराशी रेंगाळायच्या. मोठ्या सिस्टरांनी एकदा हटकलं, “मावशी, तुमचं इथे काय काम?” तेव्हा सरच म्हणाले, “राहू द्या. ऐकून कुणाचं वाईट झालंय?”

सर दर वर्गात एक छोटं नाटक करायचे. बोलता बोलता माझ्या खाटेशेजारच्या खुर्चीत बसायचे, तोंडाची एक बाजू सोडायचे, हात लुळा टाकायचे आणि जड जिभेने काहीतरी पुटपुटायचे. वर्गाने आजार ओळखायचा. लुळा पडायचा तो नेहमी डावाच हात, कारण उजव्यात खडू असे.

त्या दिवशी चहाची सुट्टी संपली होती. सर फळ्यावर मेंदूच्या नळ्या काढत होते. मधेच खडू पडला. ते वाकले, पण उचलता आला नाही. मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, “आता ही... खिडकी... खिडकी घ्या...” पुढे नुसतीच जड अक्षरं.

वर्ग हसला. सगळे वहीत लिहू लागले. मोठ्या सिस्टर शेजारणीला म्हणाल्या, “या वर्षी अगदी हुबेहूब करतायत बघ.”

मी मात्र त्यांच्या हातभर अंतरावर होतो. ते माझ्या खाटेचा गज धरायला बघत होते आणि बोटं मिटत नव्हती. डोळे भेदरलेले होते. मित्रांनो, मला बोलता येत नाही याचं दुःख मी कधी केलं नव्हतं. त्या क्षणी केलं.

मावशी कप गोळा करत होत्या. हातातला ट्रे त्यांनी खाली ठेवला.

“सिस्टर, सर डावा हात सोडतात. आज उजवा पडलाय.”

“मावशी, वर्ग चालू आहे.”

“अहो, नाटकात ते खडू सोडत नाहीत कधी.”

मोठ्या सिस्टरांनी मान वर केली. पुढच्या क्षणी त्या सरांसमोर होत्या. “सर, हसून दाखवा.” अर्धंच तोंड हसलं. “दोन्ही हात वर करा.” एकच हात वर गेला. सिस्टरांचा चेहरा उतरला, आवाज मात्र जागचा हलला नाही. “शेवटचे ठीक कधी होते? कुणी पाहिलं?”

कुणालाच सांगता येईना. मावशी म्हणाल्या, “मी कप उचलायला आले तेव्हा घड्याळात अकरा पंचवीस होते. तेव्हा लिहीत होते आणि मला म्हणाले, ‘मावशी, हळू, कप वाजतायत.’ नीट बोलले.”

“अकरा पंचवीस,” सिस्टर म्हणाल्या. “लिहून घ्या.” कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. “पाणी नको. गिळता येतंय की नाही, ठाऊक नाही.” मला उचलून जमिनीवर ठेवलं, माझ्या खाटेवर सरांना निजवलं आणि चाकांची ती खाट घेऊन सगळे धावले.

खोलीत मी एकटाच उरलो. छताकडे बघत विचार करत होतो, की नळी तुंबली असेल की फुटली? सर कुठे पोचले असतील?

तीन दिवसांनी कळलं. तपासणीच्या फोटोत नळी तुंबवणारी रक्ताची गाठ दिसली होती, रक्तस्राव नव्हता. गाठ विरघळवणारं औषध ठरावीक तासांच्या आतच देता येतं, म्हणून वेळ नक्की माहीत असावी लागते. ती होती. औषध वेळेत गेलं.

मोठ्या सिस्टर रिकाम्या खोलीत आल्या आणि बाकावर बसून राहिल्या. मावशी फरशी पुसत होत्या.

“अठ्ठावीस वर्षं झाली, मावशी. डोळ्यांसमोर घडत होतं आणि मी कौतुक करत बसले.”

“तुम्ही वहीत बघत होतात,” मावशी म्हणाल्या. “मला वही नाही, म्हणून मी सरांकडे बघत होते.”

पुढच्या वर्गाच्या यादीत सफाईवाल्यांची, पहारेकऱ्यांची, लिफ्टवाल्याचीही नावं होती. मावशींचं सर्वांत वर, सिस्टरांच्या अक्षरात.

चार महिन्यांनी सर आले. काठी होती, पाऊल थोडं ओढत होते. वर्ग उभा राहिला. सरांनी बसायची खूण केली आणि बोलायला तोंड उघडलं. शब्द येईना. पुढच्या बाकावरच्या एकीने घाईने सुचवलं, “रुग्ण? औषध? तपासणी?” सरांनी नकारार्थी मान हलवली. ते थकल्यासारखे दिसले.

“थांबा,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. “त्यांना शोधू द्या.”

सगळे थांबले. मीही श्वास रोखला असता, पण मला तो नाही. बऱ्याच वेळाने सर म्हणाले, “भीती. मला... भीती वाटली होती. हे आपण... पुस्तकात... शिकवत नाही.”

त्या दिवशी मावशींना पहिल्यांदा वही दिली होती. त्यांनी तो एक शब्द लिहिला.

ही माणसं पुन्हा पुन्हा बाकावर का बसतात, ते मला आता थोडं थोडं कळतं. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणाचं तोंड, हात किंवा बोलणं अचानक वेगळं दिसलं, तर घड्याळ बघा आणि लगेच मोठ्यांना हाक मारा, क्षणभरही थांबू नका. आणि आजारातून उठलेल्या माणसाला शब्द सापडत नसेल, तर मात्र थांबा. तो शोधतो आहे.