कोऱ्या तोंडाची एर्मान्स

एर्मान्सच्या पिवळ्या मोज्यांना रफू मीच करायचे, म्हणून सांगते. पॅरिसमधल्या मोंमार्त्रच्या टेकडीवर तिच्यासारखी नाचणारी दुसरी नव्हती. पाय असा उचलायची की समोरच्याची टोपी उडालीच म्हणून समजा! पण वय कुणाला चुकलंय? आमच्या नाचघराच्या मालकाने, त्या मेल्या गोबेरने, तिला तोंडावर सांगितलं होतं, "या हिवाळ्यात गर्दी खेचलीस तर राहा. नाहीतर धोबीघाट आहेच."

म्हणून तर ते पोस्टर. फ्लोरिमाँ नावाचा चित्रकार आमच्याकडे पडीक असायचा, प्यायचा आणि पोरींची चित्रं काढायचा. पोस्टर ज्यावरून छापतात त्या छापखान्यातल्या दगडावर त्याने एर्मान्स काढली आणि आम्हा दोघींना बघायला बोलावलं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, ओठांच्या कडेच्या रेघा, दमलेली आणि तरी हसणारी. जशीच्या तशी! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

एर्मान्स मात्र कडाडली, "ही कोण म्हातारी? माझ्या पोटावर पाय देतोस होय रे?"

"तूच आहेस ती," फ्लोरिमाँ म्हणाला.

"खरवड त्या रेघा. सगळ्या!"

"दगडावरचं खरवडलं की गेलं, एर्मान्स. परत येत नाही."

"राहू दे गं," मी म्हटलं, "छान आहेस की."

"तू गप बस, झेली. तुला नाचायचंय का?"

त्याने पातं उचललं आणि तोंडावरची रेघ न् रेघ खरवडली. छापून आलं तेव्हा मोठी टोपी होती, पिवळे मोजे होते. तोंडाच्या जागी नुसता कोरा कागद.

आणि पॅरिस वेडं झालं! खळ ओली आहे तोवर लोक भिंतीवरून पोस्टरं सोलून न्यायचे. चांगल्या घरच्या पोरी पिवळे मोजे मागू लागल्या. नाचघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. एर्मान्स खुशीत होती, मला म्हणायची, "बघ, आता कोण काढतोय मला!"

गोबेरने काढलं. धोबीघाटावरून नोएमी नावाची कोवळी पोर उचलून आणली, तिला तीच टोपी घातली, तेच मोजे चढवले, नावही एर्मान्सचंच लावलं.

"अरे चांडाळा, पोस्टरवर मी आहे!" एर्मान्स किंचाळली.

"तू? मग तुझं तोंड दाखव ना त्यात," गोबेर म्हणाला.

काय दाखवणार बिचारी!

रविवारी दुपारच्या नाचाला ती तिकीट काढून गेली. मी नको नको म्हणत होते, ऐकेल तर शपथ. पार पुढे जाऊन उभी राहिली. नोएमीने पाय उचलला, चुकीचाच उचलला, आणि लोकांनी नाचघर डोक्यावर घेतलं. मागून काखेत पोस्टरची गुंडाळी धरलेला एक विद्यार्थी म्हणाला, "मावशी, जरा सरका ना. एर्मान्स दिसत नाहीये."

आणि ती सरकली हो.