ग्रिझेलचा हारा

मी ग्रिझेलचा हारा बोलतोय. ओढ्याकाठच्या वाळुंजाच्या फोकांनी तिच्या सासऱ्याने मला विणलं, तेव्हा मी हिरवागार होतो. आठवडाभरात काळाठिक्कर पडलो. स्कॉटलंडमधल्या त्या खाणीवर दुसरं काय होणार?

ग्रिझेलचा नवरा अ‍ॅडम खाली आडवा पडून कोळसा फोडायचा. माझा पट्टा कपाळाला लावून ती तो कोळसा पाठीवरून जिन्याने वर आणायची. जमीन जमीनदाराची, कोळसा त्याचा आणि ही माणसंही त्याचीच. बारशाला, आणि फक्त बारशालाच, जमीनदाराचा कारभारी बाळासाठी बूट आणायचा. आईबापांनी ते घेतले की पोर जन्मभर खाणीला बांधलं जायचं. शेजारणी मात्र बूट कसे चकचकीत आहेत ते बघत बसायच्या.

ग्रिझेलला मुलगी झाली, बेथिया. एके सकाळी ग्रिझेलने मला ओढ्यात घासून घासून धुतलं. मला वाटलं, माझंच बारसं आहे की काय.

"हे काय चाललंय?" अ‍ॅडमने विचारलं.

"बाळाला आक्काकडे नेते, विणकरांच्या गावात. बारसं तिकडेच. बेथिया तिथेच राहील."

"आणि तू?"

"मी परत येणार. मी पळाले तर शोधत येतील. तिच्यावर अजून कुणाचा हक्क नाही."

त्याने हात घालून माझा तळ चाचपला. मग म्हणाला, "खाली गवत जास्त घाल. हारा टोचतो."

बाळावर गोणपाट, त्यावर कोळशाचे दोन-चार तुकडे. फाटकापाशी कारभारीच भेटला.

"जमीनदारांच्या हवेलीवर का गं?"

"हो मालक, चुलीला हवाय."

एरवी मी पावलोपावली कुरकुरतो. त्या दिवशी श्वास रोखून होतो.

बाळाला आक्काकडे ठेवून परतताना मी रिकामा होतो, तरी ती थांबत थांबत चालली. मला फार वाईट वाटलं.

पुढे कारभारी बूट घेऊन आला. "बारसं झालं, मालक," ती म्हणाली. तो चडफडत बूट घेऊन गेला.

आता माझा तळ गेलाय. माझ्यात कोंबडी अंडी घालते. परवा बेथिया आईला भेटायला आली, चांगली उंच झालीय. गंमत म्हणून तिने मला पाठीवर घेतलं. पट्टा घसरून डोळ्यांवर आला.

"आई, हा कपाळावर राहतो तरी कसा?"

ग्रिझेलच्या कपाळावर पट्ट्याची खोबण आहे. तिने लेकीच्या गुळगुळीत कपाळावरून अंगठा फिरवला.

"तुझ्या नाही राहायचा, बाई," ती म्हणाली आणि हसत सुटली.

मला कोंबडीच बरी. माझा पट्टा तेवढा कुणीतरी कापून टाका.