भांगाचे दिवस

“काय गं नमिता, इकॉलॉजीचा वाटा कितीला लावलास?”

बोंबलांच्या ढिगापलीकडे उभा राहून विकी हसत होता. विकी माझ्या धाकट्या दिराचा नातू. दहावीला दोनदा नापास झाला, एसी दुरुस्त करायला शिकला आणि आता महिन्याला तीस हजार कमावतो.

“तुला परवडायचा नाय. पुढे हो,” नमिता म्हणाली आणि तिने कोळंबीवर पाणी मारलं.

वर्सोव्याच्या बाजारात तो भाव सगळ्यांनाच हवा होता. माझ्या नातीने, नमिताने, तीन वर्षं शिकून इकॉलॉजीची पदवी घेतली. खाडी, तिवरं, त्यात कोण कोणाला खाऊन जगतं, सगळं शिकली. फीसाठी माझ्या पाटल्या गेल्या. मग तिने नोकऱ्या शोधल्या. एका संस्थेने प्रमाणपत्र आणि दुपारचं जेवण दिलं. एका कॉलेजात नऊ हजार देत होते, तेही अकरा महिने. बाकीचे म्हणाले, आधी पुढचं शीक. तेवढ्यात तिच्या बापाची, माझ्या लेकाची, बाळाची कंबर होडीत धरली ती सुटलीच नाही. तेव्हापासून दीड वर्ष नमिता माझ्या शेजारी बसून मासे विकत होती. मासे ती माझ्यापेक्षा बरे कापते. फक्त गाभोळीने, अंड्यांनी भरलेला मासा आला की तिचा हात थांबतो.

गणपती गेले आणि तिला नोकरी लागली. खाडीच्या तोंडाशी नवा धक्का बांधायचा होता. त्याआधी पाण्यात काय काय जगतं याचा अहवाल द्यावा लागतो. तो करणारी अंधेरीची एक कंपनी. पगार बत्तीस हजार. बाळाने मुद्दाम विकीला घरी बोलावून पेढा दिला.

महिन्याभराने एका संध्याकाळी तिने माझ्यापुढे कागद ठेवला.

“आजी, गावातल्या जुन्या माणसांचं निवेदन आहे. उद्या मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये आमचे साहेब येतील. तुझी सही लागेल.”

मी चष्मा लावला. मला वाचता येतं, पण ओळीखाली बोट ठेवून. नमिता तिसरीत असताना तिनेच मला शिकवलं. मी तेव्हा छप्पन्न वर्षांची होते.

या खाडीत धरण्याजोगी मासळी उरलेली नाही, असं लिहिलं होतं. खाली पाहणीच्या दोन तारखा. मी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं.

“बाय, ही तर अष्टमी आणि नवमी. भांगाचे दिवस. पाण्याला ओढच नसते तेव्हा, मासा येईल कुठून? उधाणाला जायला पायजे होतं.”

“माहीत आहे.”

“तुला माहीत आहे?”

“तूच शिकवलंयस ना.” ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. “साहेबांना सांगितलं मी. म्हणाले, तारखा ठरवायला तुला ठेवलेलं नाही. माझ्याआधीची मुलगी पण हेच बोलली होती.”

“ती कुठे असते आता?”

“मी तिच्याच खुर्चीवर बसते.”

खाटेवरून बाळा ओरडला, “आये, टाक ना सही! तुझ्या सहीने काय मासे मरणार हायेत?”

मी कॅलेंडर परत खिळ्याला अडकवलं. सही केली नाही तर पोरगी परत बाजारात, विकीच्या तोंडासमोर. बाळाच्या कमरेचं औषध आणि मालिश परत बंद. तिच्या शिक्षणाला सगळ्या मुंबईत हा एकच भाव आला होता. मी अडाणी राहिले असते तर निदान कागदावर काय आहे ते मला कळलं नसतं.

सकाळी हॉलमध्ये नमिताच्या कंपनीचे मुकुलसाहेब टेबल लावून बसले होते. ज्यांना सही येत नसेल त्यांच्यासाठी शाईचा डबा होता. नमिता त्यांच्या बाजूला उभी होती. माझी पाळी आली तसं साहेबांनी पेन पुढे केलं.

“या आजी. तुम्ही नातीकडून लिहायला शिकलात म्हणे. कमाल आहे!”

“नाय ओ साहेब. पोरीला आजीचं कौतुक. मला कुठे येतंय लिहायला?”

नमिता माझ्याकडे बघत राहिली. मी आंगठा पुढे केला. तिने तो धरला, तिसरीत असताना पेन्सिलीसकट माझी बोटं धरायची तसाच. शाईवर टेकवला, मग कागदावर.

“खाली त्यांचं नाव लिही,” साहेब म्हणाले.

तिने लिहिलं. सखुबाई. ‘स’चा पाय लांब आणि ‘ख’ची दोन पोटं एकमेकांपासून लांब. मला तिनेच गिरवायला दिलेलं अक्षर. मी लिहिलं असतं तर अगदी तसंच आलं असतं.